मुरुमच्या बाकावरचा सल्ला

श्रावणातली सर अचानक आली, अक्षदा डोक्यावर ओढणी घेऊन धावत समोरच्या दुकानात शिरली, आणि शिरता शिरता एका मुलाच्या पायावर पाय देऊन उभी राहिली. बस्स, एवढंच झालं होतं. पण अशा गोष्टींना कुठं मुहूर्त लागतो!

"पाय," तो मुलगा म्हणाला.

"काय?"

"पाय माझा हाय. काढा सावकाश, घाई न्हाय."

अक्षदा झटकन बाजूला झाली. तो हसत होता, आणि त्याच्या चपलेवर तिच्या सँडलचा चिखल उमटला होता. तेवढ्यात तिची मावसबहीण वर्षाराणी भिजत आत आली. "अगं, हेच ते उमाशंकरअण्णांचं दुकान! कॉम्प्युटर घ्यायचाय ना तुला? हितंच विचार की."

अक्षदा अणदूरची. पंचमीला मावशीकडं मुरुमला आली होती. कॉम्प्युटर तिला घ्यायचा होता हे खरं, पण तो सोलापूरच्या चकचकीत शोरूममधून. मात्र पाऊस काही थांबेना, आणि दुकानात नव्या पुठ्ठ्याचा असा वास सुटला होता, की ज्यांना तो आवडतो त्यांचे पाय तिथून निघत नाहीत. तिनं काउंटरवर कोपर टेकलं.

"अण्णा, थ्रीडी ॲनिमेशनसाठी मशीन पायजे. दणकट ग्राफिक्स कार्ड, भरपूर रॅम. आणि मशीनचा डबा तो... काचेचा, रंगीत लाइटवाला."

उमाशंकरअण्णांनी हनुवटीनं दाराकडं खूण केली. "आपण माल इकतो, बाई. सल्ला बाकावर मिळतो."

ही त्या दुकानाची रीतच होती. एकदा कुणा गिऱ्हाइकाला अण्णांनी आपल्या मनानं काही सुचवलं, ते बिघडलं, आणि त्या माणसानं भर बाजारात अण्णांची अशी काही शोभा केली की अण्णांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून दाराशी एक लाकडी बाक होता, आणि बाजारच्या दिवशी आसपासच्या गावांतले कॉम्प्युटरवेडे त्यावर दाटीवाटीनं बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट अक्कल वाटत. त्यांच्यातला गोरोबा कुठल्याही दुखण्यावर एकच औषध सांगे.

"विंडोज नको, लिनक्स टाका," गोरोबा लगेच म्हणाला.

"अवो, अजून मशीनच घेतलं न्हाय!"

"तरीबी."

पाय तुडवला गेलेला मुलगाही त्याच बाकाचा होता. श्रीनाथ त्याचं नाव, गाव सास्तूर, लोहाऱ्याला एका डेअरीच्या ऑफिसात नोकरी. त्यानं विचारलं, "बनवायलात काय तुम्ही?"

अक्षदा घुटमळली. हा प्रश्न आला की पुढचं हसूही येतं, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. "मेंढरं," ती म्हणाली.

बाक हसला. अण्णासुद्धा मिशीत हसले. श्रीनाथ तेवढा हसला नाही.

"किती?"

"कळपच्या कळप."

"लोकरीसकट?"

आणि अक्षदानं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. लोकरीसकट! हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मेंढरू काढणं सोपं असतं, पण त्याच्या अंगावरचा केस न् केस वाऱ्यावर हलवायचा म्हणजे मशीनला घाम फुटतो. हे ज्याला कळतं त्याच्यापुढं लाजण्यात काय अर्थ? मग तिनं सगळं सांगून टाकलं. खंडोबा आणि बाणाईची फिल्म... देव असून तो बाणाईसाठी धनगराच्या घरी मेंढरं राखायला राहिला, ती गोष्ट. मार्गशीर्षात अणदूरची यात्रा असते आणि ती झाली की देव नळदुर्गला मुक्कामाला जातो. यात्रेत यंदा मोठा पडदा येणार होता. पंच भागवतराव म्हणाले होते, वेळेत झाली तर लावू, नाहीतर गाण्यांची पार्टी आहेच. गाव तर आत्ताच म्हणत होतं, वैजनाथची पोरगी शिकली-सवरली आणि कॉम्प्युटरवर मेंढरं वळायला लागली.

"मग काचेच्या नादाला लागू नका," श्रीनाथ म्हणाला. "जाळीचा डबा घ्या. पुढून-मागून वारा खेळता राहिला पायजे. तुमचं मशीन बैलावानी राबणाराय, काचंत उकडून मरंल ते. आन् वस्तीवर राहत असाल तर आधी चांगला यूपीएस."

"जाळीचा डबा? दिसायला कसला भिकार दिसतो तो!"

"दिसायला तुम्ही हायच की."

गोरोबानं लिनक्स विसरून तोंड उघडं टाकलं. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या आणि तो उगाच बाहेर पाऊस बघायला लागला. पाऊस केव्हाच थांबला होता.

अक्षदानं जाळीचा डबा घेतला. आता तो वाऱ्यासाठी घेतला की आणखी कशासाठी, हे तिला विचारलं तर तिनं ठामपणे वाऱ्यासाठीच सांगितलं असतं.

मशीन अणदूरच्या वस्तीवर आलं आणि फोन सुरू झाले. आधी कामापुरते. ड्रायव्हर कुठला टाकू? पंखा आवाज करतोय, करू दे का? मग कामाचं निमित्त बारीक होत गेलं. श्रीनाथ चालत्या गप्पांत म्हणायचा, "आज तापमान किती?" आणि अक्षदा म्हणायची, "कुणाचं? मशीनचं का माझं?" पलीकडून एक दबकं उत्तर, "दोन्ही सांगा... नोंद असलेली बरी."

एकदा तिनं कळपाचा तुकडा त्याला पाठवला. दुपारचं रणरणतं ऊन, माळ, बाभळीखाली बाणाई, आणि मेंढरं ऐटीत माना उंचावून उभी. श्रीनाथचा लगेच फोन आला.

"लोकर झकास. मेंढरं चुकलीत."

"काय चुकलं त्यांचं?" अक्षदाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"दुपारच्या उन्हात मेंढरू असं उभं ऱ्हात न्हाय. डोकं दुसरीच्या पोटाखाली घालतंय, सावली बघून. सगळा कळप असा एकमेकांत घुसून उभा असतोय. आमचे आप्पा म्हणत्यात, मेंढराइतका विश्वास माणसाला जमत न्हाय." तो थांबला. "आन् तोंडं झाकली की मशीनवरचं ओझंबी हलकं होतंय. फायदाच हाय."

ती रागातच कामाला बसली आणि त्याच्या सांगण्याप्रमाणं कळप पुन्हा उभा केला. मग पडद्याकडं बघत बसली. एकमेकांच्या सावलीत डोकं खुपसून उभी ती मेंढरं इतकी खरी दिसत होती की तिनं तो तुकडा पुन्हा पुन्हा चालवून बघितला. या माणसावर आपला जीव जडलाय हे तिला तेव्हाच कळलं. पण त्याला सांगणार कोण? तो बापडा तापमानाच्या पुढं जात नव्हता.

यात्रा जवळ आली. फिल्म जोडून झाली होती, आता शेवटचं काम उरलं होतं, एकेक चित्र मशीनकडून रंगवून घ्यायचं, ज्याला ही मंडळी रेंडर म्हणतात. मशीन तापायला लागलं. श्रीनाथ फोनवर म्हणाला, "बाजूचं झाकण काढून ठेवा, अजून वारा लागंल."

तिनं झाकण काढलं आणि केस धुवायला गेली.

आता इथं तिच्या वडिलांना दोष देऊन चालणार नाही. दारात नवा ट्रॅक्टर आला तर त्याची पूजा होते. मग जे मशीन खुद्द देवाची फिल्म बनवतंय त्याला तसंच कोरडं ठेवायचं? वैजनाथदादांनी शेजारपाजारचे गडी बोलावले, ताटात नारळ, पानं, सुपारी आणि खोबरं ठेवलं, वर भंडाऱ्याची रास ओतली, आणि पाच जणांनी मिळून त्या चालू कॉम्प्युटरसमोर तळी उचलली. "येळकोट येळकोट!" ओंजळी उधळल्या. अक्षदाच्या आईनं, तारामतीबाईंनी, एक खास ओंजळ मशीनच्या उघड्या तोंडाशी धरली, आणि पंख्यांनी ती हळद सर्रकन आत ओढून घेतली.

"देवानं घेतला बघा!" त्यांनी डबडबल्या डोळ्यांनी हात जोडले.

ओल्या केसांनी अक्षदा आत आली तेव्हा घरभर पिवळं धुकं होतं, सगळे प्रसाद खात होते, आणि मशीन खोकल्यासारखा आवाज करत बंद पडत होतं. आईवडिलांचे चेहरे इतके आनंदात होते की बोलणार तरी काय? अंगणात जाऊन तिनं फोन लावला.

"झाकण उघडं होतं... आणि दादांनी तळी उचलली."

पलीकडून श्रीनाथचा खचलेला आवाज. "जाळीचा डबा मीच घ्यायला लावला. झाकणबी मीच काढायला सांगितलं. आन् धनगराचं पोर असून तळी ध्यानात आली न्हाय माझ्या... निघालो मी."

दुपार कलायच्या आत त्याची मोटारसायकल वस्तीवर आली. हेल्मेटमधून बाहेर आलेला त्याचा चेहरा बघून अक्षदाचा राग अर्धा तिथंच गेला. उरलेला त्यानं खिशातून दाढीचा ब्रश काढला तेव्हा गेला.

"नवाय. शपथ."

"तुमची दाढी बघून वाटतंयच, ब्रशला हात लागला न्हाय म्हणून."

दोघं खाली सतरंजीवर बसले आणि सुटे भाग एकेक करून झाडायला लागले. पंख्याच्या पात्यांवर हळद, चिपांच्या फटींत हळद. मध्येच त्यानं फुंकर मारली आणि ती सगळी तिच्या तोंडावर आली.

"आता कसं," तो म्हणाला, "नवरी दिसायलात."

म्हणून गेला आणि पुन्हा कान लाल. अक्षदानं बोटावर चिमूटभर भंडारा घेतला आणि शांतपणे त्याच्या नाकाच्या शेंड्याला लावला. "एकटीच कशाला दिसू?"

दारात चहा घेऊन आलेल्या तारामतीबाई आल्या पावली परत गेल्या.

मशीन सुरू झालं, पण ग्राफिक्स कार्डाच्या एका पंख्यानं मान टाकली होती. आता ते हळू, धापा टाकत चालणार होतं. अक्षदानं हिशोब मांडला. लोकरीची सगळी दृश्यं बाकी होती. या वेगानं फिल्म पुरी होईल तेव्हा यात्रा उठून गेलेली असेल, देव नळदुर्गात असेल, आणि गाव वर्षभर म्हणत राहील – आम्ही म्हणलंच होतं. तिला रडू आवरेना.

श्रीनाथला रडणाऱ्या माणसाला काय सुचवावं हे माहीत नव्हतं. त्यानं आपला रुमाल दिला, तोही पिवळा. मग एकदम तो थांबला. "मशीन एकच पायजे असं कुठं हाय?"

"म्हणजे?"

"फिल्म म्हंजे एकेक चित्र. हे चित्र ह्या मशीनवर, ते त्या मशीनवर... आख्खा बाक पडलाय की मुरुमला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीकडं येणाऱ्या पांदीत धुरळा उडाला. पुढं मोटारसायकली, मागं बसलेल्यांच्या मांडीवर वाकळेत गुंडाळलेले डबे, बाळंतिणीनं पोर धरावं तसे. वर्षाराणी रंगीत लाइटवालं आपलं गेमिंगचं धूड घेऊन आली. गोरोबा दोन मशीन घेऊन आला. सगळ्यांत शेवटी एक टेम्पो, त्यात दुकानातली सगळी चालू मशीन, आणि ड्रायव्हरशेजारी खुद्द उमाशंकरअण्णा. बाजारच्या दिवशी दुकानाला कुलूप!

"अण्णा, तुम्ही?"

"यप्पा! बाकच हितं आल्यावर मी थितं कुणाला इचारू?"

सोयाबीनची पोती बाजूला सारून शेड मोकळी केली. मशीन बाजेवर, पोत्यांवर, तारामतीबाईंच्या पाटावर. अक्षदानं प्रत्येकाला आपापला वाटा लावून दिला. हा कळप तुझा, तो घोडा तुझा, बाणाईचं हसू माझ्याकडं. एरवी कुठली चिप चांगली यावरून एकमेकांची गचांडी धरणारे आज शेजारी शेजारी बसले होते. गोरोबाच्या लिनक्सवाल्या मशीनमधून चित्रं सगळ्यांत भराभर निघत होती, पण हे मोठ्यानं कबूल करायला कुणीही तयार नव्हतं.

आणि मग यूपीएस ओरडायला लागले. एक, मग दुसरा, मग सगळेच.

"व्होल्टेज पडलं," श्रीनाथ म्हणाला. "मोटारी चालू झाल्या वाटतं."

वस्ती आणि मळे एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. या आठवड्यात शेतीला दिवसाची लाईट होती, म्हणजे सगळं शिवार पाण्याला लागलं होतं. आणि सगळ्यांत मोठी मोटार भागवतरावांची.

अक्षदा उठली. श्रीनाथ तिच्यामागं निघाला. भागवतराव हरभऱ्यात धोतर खोचून उभे होते. तिनं काय हवंय ते सांगितलं.

"पोरी, तुझ्या चित्रांसाठी मी पाणी बंद करू?"

अक्षदानं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. दुपारचं ऊन. माळ. एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी मेंढरं, वाऱ्यानं हलणारी लोकर. भागवतरावांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे... हे कुणी शिकवलं तुला?"

"यांनी," अक्षदा म्हणाली. श्रीनाथ पायानं ढेकूळ फोडत होता.

"म्या ल्हानपणी राखलीत मेंढरं. असंच उभं ऱ्हात्यात." म्हाताऱ्यानं पुन्हा पडद्याकडं बघितलं. "थांबलीत का ही? चालत का न्हाईत?"

"तुमची मोटार थांबली की चालतील, काका."

भागवतराव मोठ्यानं हसले, पेटीशी गेले आणि खटका पाडला. तिथूनच त्यांनी फोन लावायला घेतले. "आरं, मोटार बंद कर... व्हय, आत्ता... देवाचं काम हाय, हरभरा न्हाय मरत एका दिसानं!" शिवारातल्या मोटारी एकेक करून गप्प झाल्या. दोघं परतले तेव्हा शेडमध्ये एकही यूपीएस ओरडत नव्हता, आणि अक्षदाला चालता चालता पळावंसं वाटत होतं.

यात्रेच्या दिवशी दिवेलागणीला पडदा उजळला. आधी थोडा गलका झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग देव घोड्यावरून उतरला, खांद्यावर घोंगडं टाकून बाणाईच्या दारात चाकरीला उभा राहिला, आणि बायका हसल्या. मग तो कळप आला, माळभर, लोकर वाऱ्यावर उडवत. गर्दीत मागं उभ्या असलेल्या कुणा धनगरानं न राहवून मेंढरांना घालतात तशी हाळी घातली – "हुर्र्र!" – आणि सगळी यात्रा खदखदून हसली. पण बाणाईनं त्या चाकराला ओळखलं तो क्षण आला तेव्हा कुणी हसलं नाही. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला होता.

फिल्म संपली. टाळ्या, शिट्ट्या, हलगी, आणि एकच गिल्ला, "पुन्हा लावा! पुन्हा लावा!" भागवतराव माईकवर ओरडत होते, "आपल्या वैजनाथची अक्षदा! आपल्या गावची!" वैजनाथदादा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहून दिसेल त्याला हात जोडत होते. आभाळ त्यांना ठेंगणं झालं होतं. गाण्यांच्या पार्टीची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही.

श्रीनाथ गर्दीच्या कडेला, नारळाच्या दुकानापाशी उभा होता. अक्षदा लोकांतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली.

"लोकर झकास," तो म्हणाला. डोळे ओले होते त्याचे. "मेंढरंबी बरोबर."

"एवढंच?"

"रंग जरा..."

"श्रीनाथ." तिनं एक दीर्घ श्वास घेतला. "मी एक ठरवलंय. ह्यात मी बाकावर विचारलं न्हाय, तुम्हालाबी विचारलं न्हाय."

"काय?" तो दचकला. "नवीन कार्ड घेतलं?"

"मला तुम्ही आवडता. लई. पाय तुडवला तेव्हापासून म्हणा, न्हायतर मेंढरं चुकली म्हणालात तेव्हापासून म्हणा. लग्न कराल माझ्याशी?"

तालुक्याला सल्ला पुरवणारा तो माणूस अडखळला.

"तुम्ही... घाई तर न्हाय ना करायलात? म्हंजे... एवढी मोठी गोष्ट... चार ठिकाणी बघून, तुलना करून मग..."

"श्रीनाथ!"

"व्हय."

"व्हय काय?"

"व्हय, करतो! लई दिवसांपासून करतो... म्हंजे, करायचंय! मला वाटायचं, मीच म्हणावं... पण तुम्ही कुठं, मी कुठं..."

"मी हितं हाय. तुम्हीबी हितंच हायत."

त्यावर तो इतका मनापासून हसला की शेजारचा नारळवालाही कारण नसताना हसायला लागला. समोर लोकांनी पुन्हा फिल्म लावायला भाग पाडलं होतं. वर्षाराणी, गोरोबा, अण्णा, सगळा बाक पुढं जमिनीवर मांडी घालून बसला होता. ट्रॉलीवरून वैजनाथदादा आणि तारामतीबाई लेकीला शोधत इकडंतिकडं बघत होते, आणि आता त्यांना ती दिसली. तिच्या शेजारचा तोही दिसला.

श्रीनाथ घाईनं एक पाऊल मागं सरकला. अक्षदानं त्याचा हात पकडला, आणि सगळ्या यात्रेदेखत धरूनच ठेवला.